शरीरघड्याळ, दाह आणि स्मृतिभ्रंश

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि रेल्वे म्हटली की घड्याळ आलेच. नागपूर-भुसावळ मार्गावर रात्रभर गाड्या धावतात आणि त्या धावाव्यात म्हणून कोणी ना कोणी रात्रभर जागे असते. आमच्या परिचयातील एका आजोबांनी नोकरीची तीस वर्षे अशीच फाटकावर काढली. आज त्यांचे वय ७८ आहे. गेली तीन वर्षे ते रात्री दोन-अडीच वाजता उठून बसतात, उशाशी काहीतरी चाचपतात आणि दाराकडे चालू लागतात. सून विचारते, "बाबा, कुठं चालले?" त्यावर ते म्हणतात, "गाडीचा टाइम झाला, फाटक लावा लागते." दिवसा मात्र खाटेवर बसल्या बसल्या डुलक्या घेत असतात. आधी घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिले. मग शेजारच्या कोणीतरी अंगारा आणून दिला. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजोबांच्या मुलाने एक प्रश्न विचारला. तो स्वतः रात्रीच्या पहाऱ्यावर असतो. "बाबाच्या रात्रीच्या ड्युट्यांनी हे झालं का? मग माह्यंही असंच होईल का?"

त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही डॉक्टर नाही, अभ्यासमंडळातील शिक्षक व विद्यार्थी आहोत. त्यानंतर आम्ही वाचन केले, जाणकार डॉक्टरांना विचारले, आपसात वादही घातले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हाला जमलेले उत्तर होय.

विसरभोळेपणा आणि आजार

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. पहिला प्रकार आपणा सर्वांचा आहे. दुसरा मेंदूच्या आजाराचा आहे. स्मृतिभ्रंशात आठवण तर जातेच, पण हिशेब, रस्ता, बोलताना शब्द सापडणे, वेळेचे भान, स्वभाव, हेही हळूहळू ढासळत जाते आणि रोजचे जगणे दुसऱ्याच्या आधाराशिवाय होत नाही. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपल्याकडे फार सहज वापरली जाते. त्या म्हणीने किती आजार झाकून ठेवले असतील कोण जाणे. म्हातारपण हे काही या आजाराचे दुसरे नाव नव्हे. नव्वदीतही शाबूत बुद्धीने कुटुंबातल्या चार पिढ्यांची नावे सांगणाऱ्या आजीबाई आपण पाहतोच.

या आजाराचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मनीतील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई तपासली आणि तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, तिच्या मेंदूत दिसलेले बदल जाहीर सभेत मांडले. पेशींच्या बाहेर एका चिकट प्रथिनाचे थर साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला होता. त्या थरातील प्रथिनाला आज अमायलॉइड म्हणतात व गुंत्यातील प्रथिनाला टाऊ. हे साचणे लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीपासून चालू असते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. सत्तरीत दिसणारा आजार पन्नाशीत बीज धरतो.

दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होतो. पुष्कळांत दोन्ही एकत्र असतात. शिवाय काही कारणे अशी आहेत की ती वेळेवर सापडली तर प्रकृती सुधारू शकते : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, खोल उदासीनता, काही औषधांचा दुष्परिणाम. म्हणून अंगाऱ्याआधी रक्ततपासणी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशाने आजारी होते. आपल्या देशात अनेक राज्यांत घरोघरी तपासणी करून झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार आहे. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण अधिक. शिक्षण कमी असणाऱ्यांतही ते अधिक आढळले. या ओळी आम्ही मंडळात वाचल्या तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. कमी शिकलेल्या, खेड्यातल्या बाया, म्हणजे आपल्याच आया आणि आज्या.

चिंचेचे पान

सायंकाळी चिंचेच्या झाडाखाली उभे राहून पाहावे. पाने मिटू लागलेली असतात. सकाळी ती पुन्हा उघडतात. शिकंदराच्या काळातील एका नाविक अधिकाऱ्याने, अँड्रोस्थेनिसने, हीच गोष्ट टिपून ठेवली होती. आपण म्हणू, ऊन गेले म्हणून पाने मिटली. फ्रान्समधील द मेराँ नावाच्या शास्त्रज्ञाला १७२९ साली शंका आली, आणि त्याने अशाच प्रकारचे, पाने मिटणारे रोप अंधारात ठेवून पाहिले. अंधारातही पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. याचा अर्थ झाडाला बाहेरचे ऊन दिसत नसतानाही वेळ कळत होती. घड्याळ आतच होते.

तसेच घड्याळ माणसातही आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक बारीक पुंजका आहे. हे मुख्य घड्याळ. ते स्वतःच्या चालीने सोडले तर २४ तासांपेक्षा थोडे मागे पडते, म्हणून रोज सकाळच्या उजेडाने ते जुळवून घ्यावे लागते. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी असतात. त्यांना निळसर उजेड, म्हणजे दिवसाच्या आकाशाचा आणि हल्ली मोबाइलच्या काचेचा, विशेष जाणवतो. अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन हे द्रव्य रक्तात येते व शरीराला रात्र झाल्याचे कळते. पहाट होऊ लागली की कॉर्टिसॉल वाढते व शरीर उठायच्या तयारीला लागते.

पुढे असे आढळले की घड्याळ एकच नाही. यकृत, आतडी, हृदय, रक्तातील पांढऱ्या पेशी, जवळजवळ प्रत्येक पेशीत ठरावीक जनुके २४ तासांच्या फेऱ्यात चालू-बंद होत असतात. ही यंत्रणा फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील घड्याळ म्हणजे स्टेशनचे मोठे घड्याळ समजा, आणि इतर अवयवांची घड्याळे म्हणजे गार्ड, ड्रायव्हर, फाटकवाला यांच्या मनगटावरची. सगळी जुळली तर गाडी सुरळीत चालते. मोठे घड्याळ उजेडाने जुळते, पण यकृत व आतड्यांची घड्याळे जेवणाच्या वेळेनेही जुळतात. मध्यरात्री दोन वाजता डबा उघडून पोटभर जेवले तर मेंदूचे घड्याळ म्हणते रात्र आहे, यकृताचे म्हणते दुपार झाली.

(जाता जाता एक गंमत. स्टेशनवरचे घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे, म्हणजे पार उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळचे. आपला सूर्य त्याच्या १७-१८ मिनिटे मागे असतो. शरीर सूर्याला मानते, नोकरी स्टेशनला. एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण दोन निराळी घड्याळे असतात हे ध्यानात यावे.)

राखेखालचा निखारा

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. हा दाह. शरीराचे संरक्षक दल तिथे पोहोचल्याची ती खूण आहे. काटा निघाला, जंतू मेले, की दाह शमतो. हा दाह नसता तर माणूस साध्या जखमेने मेला असता.

पण दुसरा एक दाह असतो. तो दिसत नाही, ठणकत नाही. गोवरीचा विस्तव राखेखाली रात्रभर धुमसत राहावा तसा तो वर्षानुवर्षे धुमसतो. पोटावरची चरबी, मधुमेह, तंबाखू, चुलीचा व वाहनांचा धूर, हिरड्यांचा जुना आजार, अपुरी झोप, ही सगळी त्याची इंधने. आपले लोक अंगाने किडकिडीत असतात, तेव्हा चरबीचा आपल्याशी काय संबंध, असे वाटेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले की आपली बाळे वजनाने कमी पण त्या मानाने चरबीने जास्त असतात. अंग बारीक व पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण मधुमेहाला जवळची आहे.

ताप आला की काय होते ते आठवा. अन्न नकोसे वाटते, कोणाशी बोलू नये वाटते, डोके चालत नाही, नुसते पडून राहावेसे वाटते. हे सगळे जंतू करीत नाहीत. संरक्षक पेशींनी सोडलेली रसायने मेंदूला तसा निरोप देतात. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग झाला तर तो एका दिवसात भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, मुलांना ओळखत नाही. संसर्ग बरा झाला की बहुधा शुद्धीवर येतो. (असे अचानक झाले तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.) शरीरातला दाह मेंदूपर्यंत पोहोचतो याचा याहून ढळढळीत दाखला नको.

मेंदूत स्वतःच्या संरक्षक पेशीही आहेत, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. त्या दोन कामे करतात. मेलेल्या पेशी व साचलेले अमायलॉइड उचलून नेणे हे एक, आणि जंतू आला तर लढणे हे दुसरे. सफाई आणि पहारा, दोन्ही एकाच पेशीकडे. ज्यांनी हयातभर ही कामे केली त्यांना हे सांगायला नको की पहाऱ्याची धामधूम उडाली की सफाई मागे पडते. मायक्रोग्लिया सतत चिडलेल्या राहिल्या तर कचरा उचलणे मंदावते आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी भोवतीच्या चांगल्या पेशीही मरतात.

दोहोंचा धागा

आता घड्याळ आणि दाह यांचा संबंध काय? तो आपल्याला माहीत आहे, फक्त तसे नाव आपण त्याला दिलेले नाही. संधिवाताच्या माणसाची बोटे सकाळी उठल्यावर आखडलेली असतात आणि दहा-अकरापर्यंत मोकळी होतात. दमेकऱ्याला धाप लागते ती बहुधा पहाटे. कारण संरक्षक पेशींनाही घड्याळ आहे. दाह वाढविणारी रसायने कोणत्या वेळी किती सोडायची याचे त्यांचे वेळापत्रक असते, आणि कॉर्टिसॉल त्याला दिवसा लगाम घालते.

वेळापत्रक मोडले तर? उंदरांच्या पिंजऱ्यातील दिवस-रात्र दर आठवड्याला सहा सहा तासांनी सरकवून पाहण्यात आले. अशा उंदरांना जंतूंचे विषद्रव्य टोचल्यावर त्यांच्यात दाह फारच भडकला व ते जास्त संख्येने मेले. दुसऱ्या प्रयोगात घड्याळाचे एक मुख्य जनुक, बीमल-१, काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत दाहाची चिन्हे आपोआप दिसू लागली. माणसांतही एका रात्रीची झोप अर्धी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तातील पांढऱ्या पेशींत दाहाचे संकेत वाढलेले आढळले आहेत.

आणि अमायलॉइड? ते जागेपणी जास्त तयार होते व झोपेत कमी होते, असे सेंट लुइसच्या संशोधकांनी २००९ साली उंदरांत दाखविले. २०१८ साली अमेरिकेत २० निरोगी माणसांना एक रात्र जागविले, तर एवढ्यानेच मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात ते वाढलेले दिसले. २०१३ साली रोचेस्टरच्या प्रयोगशाळेने सांगितले की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावते आणि कचरा धुतला जातो. ही कल्पना जगभर गाजली. पण २०२४ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर नव्या पद्धतीने मोजले तर त्यांना उलटेच दिसले, झोपेत धुण्याचा वेग कमी. वाद अजून चालू आहे. आमच्या विद्यार्थी मित्रांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात विज्ञान पूर्ण झाल्यासारखे छापलेले असते.

पुरावा किती, संशय किती

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तेव्हा माणसांचे पाहू. इंग्लंडमधील ७,९५९ सरकारी नोकरांचा २५ वर्षे पाठपुरावा झाला व त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी, साठी व सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश ३० टक्के जास्त आढळला. याचा अर्थ शंभरातील तीस जणांना झाला असा नव्हे. समजा पुरेसे झोपणाऱ्या शंभरांत दहा जणांना होत असेल, तर कमी झोपणाऱ्या शंभरांत तेरा जणांना. वर्तमानपत्रातील टक्का वाचताना हा हिशेब करण्याची सवय लावून घ्यावी.

दक्षिण फ्रान्समध्ये तीन हजारांवर कामगारांची बुद्धी व स्मरण तपासले. दहा वर्षांहून अधिक काळ पाळ्या बदलत काम केलेल्यांची बुद्धी सुमारे साडेसहा वर्षांनी जास्त म्हातारी झाल्यासारखी दिसली. पाळी सोडल्यावर किमान पाच वर्षांनी ती सावरल्याचेही दिसले. होनोलुलूतील जपानी वंशाच्या पुरुषांत मध्यम वयात रक्तातील दाहाचे प्रमाण ज्यांचे जास्त होते, त्यांना २५ वर्षांनी स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता जास्त निघाली.

मग सिद्ध झाले का? नाही. पहिली अडचण कोंबडी आणि अंड्याची. आजार लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतो आणि मेंदूतील घड्याळाच्या पेशींनाही खातो. आमचे आजोबा रात्री उठतात ते आजारामुळे. तेव्हा बिघडलेली झोप हे कारण की पहिले लक्षण? बहुधा दोन्ही, एकातून दुसरे व दुसऱ्यातून पहिले. दुसरी अडचण, रात्रपाळी करणारा माणूस बहुधा कमी पगाराचा, तंबाखू जास्त खाणारा, तपासणीला कमी जाणारा असतो. दोष नेमका कशाचा हे वेगळे काढणे सोपे नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आणि ती सगळी दूर केली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असे म्हटले. त्या यादीत कमी शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, एकटेपणा, प्रदूषित हवा वगैरे आहेत. झोप त्यात नाही, कारण पुरावा पुरेसा धरला गेला नाही.

दाहाच्या बाबतीत तर एक चटका बसलेला आहे. नेदरलँडमधील सुमारे ७ हजार लोकांच्या अभ्यासात २००१ साली दिसले की दाहशामक वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत अल्झायमर कमी होता. आशा वाढली. अमेरिकेत निरोगी वृद्धांना अशा गोळ्या देऊन चाचणी सुरू झाली. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने ती २००४ च्या डिसेंबरात थांबवावी लागली, आणि पुढे हिशेब केला तर स्मृतीला संरक्षणही मिळालेले नव्हते. म्हणून आमची कळकळीची विनंती, हा लेख वाचून कोणीही मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून रोज घेऊ नयेत. मूत्रपिंड आणि जठर दोन्हींचे नुकसान होते.

रात्र कोणाच्या वाट्याला

शास्त्रज्ञ झोपेची सवय म्हणतात. आपल्याकडे ती सवय नाही, ती मजुरी आहे. संस्थेच्या सभासदांच्या घरी रात्री कोण जागे असते याची आम्ही सहज मोजदाद करू लागलो : रेल्वेतील कर्मचारी, दवाखान्यातील आया व परिचारिका, एटीएम व गोदामाचे पहारेकरी, हंगामात जिनिंगवर राबणारे मजूर, ट्रकचालक. आणि शेतकरी तर आहेतच. कृषिपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी वर्षानुवर्षे मिळत आली. रात्रीची लाईन आली की हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला पौषाच्या थंडीत शेतात जायचे, अंधारात स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, सापविंचवाची भीती निराळी. ज्याला ओलित नाही त्याला जागल आहे. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत तूर लोळवतात, म्हणून माळ्यावर बसून डबा वाजवायचा. आठवडाभर रात्र, आठवडाभर दिवस, ही तर पिंजऱ्यातल्या त्या उंदरांचीच पाळी झाली.

दिवसा वीज द्यावी ही मागणी आपण आजवर सापासाठी व थंडीसाठी करीत आलो. ती आरोग्याचीही मागणी आहे. राज्याची सौर कृषिवाहिनी योजना २०१७ साली याच हेतूने सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. आपापल्या गावच्या फीडरचे काय झाले हे ग्रामसभेत विचारावे. नोकरीच्या ठिकाणी पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकणारी असावी. उलट सरकणारी पाळी शरीराला जड जाते. हे युनियनच्या बैठकीत मांडण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालीच रात्रपाळीला कर्करोगाचे संभाव्य कारण ठरविले आहे, तेव्हा केवळ तक्रार म्हणून ते बाजूला सारता येणार नाही.

घरी काय करता येईल

रात्रपाळी सुटत नसेल त्याने ड्युटीपूर्वी तास-दीड तास झोपून घ्यावे. मध्यरात्री जड जेवू नये, मुख्य जेवण ड्युटीआधी करावे. सकाळी घरी आल्यावर खोली शक्य तितकी अंधारी करावी, आणि घरच्यांनी ते चार-पाच तास मिक्सर, टीव्ही, पाहुणे यांच्यापासून राखावेत. दिवसा झोपणारा माणूस आळशी नसतो. झोपेसाठी दारू घेणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लागतो पण झोप तुटक होते. झोपेच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने चालू करू नयेत.

बाकीच्यांनी सकाळचा उजेड चुकवू नये. विहारात सकाळची वंदना झाल्यावर ओट्यावर वृद्ध मंडळी अर्धा तास बसतात, तिला रिकामटेकडी बैठक समजू नये. उजेड, चार माणसांशी बोलणे आणि तिथवर चालत येणे, तिन्ही एकत्र होतात. नेदरलँडमधील १२ वृद्धाश्रमांत १८९ रहिवाशांवर झालेल्या चाचणीत (२००८) दिवसा भरपूर उजेड ठेवल्याने बुद्धीची घसरण थोडी, सुमारे ५ टक्के, कमी झाली व उदासीनताही उतरली. फायदा लहान, पण खर्च काहीच नाही.

खर्ऱ्याबद्दल निराळे काय लिहावे! रक्तदाब व साखर वर्षातून एकदा तपासावी. कमी ऐकू येत असेल तर त्यावर हसू नये, यंत्राची चौकशी करावी. ऐकू न येणारा माणूस बोलण्यातून बाहेर पडतो आणि मेंदूचे काम कमी होते. शिक्षण हे तर या आजाराविरुद्धचे मोठे भांडवल निघाले आहे, आणि ते लहानपणीच जमवावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. जागून वाचलेले पान सकाळी आठवत नाही, याचा अनुभव त्यांना आहेच.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी गोव्यातील एक काम सांगण्यासारखे आहे. तेथे ८१ कुटुंबांवर एक चाचणी झाली, तिचा अहवाल २००८ साली आला. डॉक्टर नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावून सांगत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत. त्याने सांभाळणाऱ्यांचे, म्हणजे बहुधा सुना-लेकींचे, मानसिक स्वास्थ्य सुधारले. यात मोठी यंत्रे लागली नाहीत. संस्थेच्या महिला मंडळाने असे प्रशिक्षण मागवावे असे आम्ही सुचवीत आहोत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' हा चित्रपटही एकदा सभागृहात दाखवावा. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती गमावलेल्या संस्कृत पंडिताचे काम केले आहे. विद्वत्तेनेही हा आजार संपूर्ण टळत नाही, हे त्यातून कळते.

आजोबांच्या मुलाला आम्ही पुन्हा भेटलो. त्याला सांगितले ते असे : वडिलांचा आजार रात्रपाळीने झाला असे म्हणता येणार नाही, रात्रपाळीचा त्यात काही वाटा नव्हता असेही म्हणता येणार नाही. तुझ्या बाबतीत अजून वीस वर्षे हातात आहेत. त्याचा रक्तदाब कधीच तपासलेला नव्हता. दवाखान्यात नेऊन मोजला तर १६०-१०० निघाला, दुसऱ्या खेपेसही तेवढाच. गोळी सुरू झाली. खर्रा पाचावरून दोनावर आला आहे, असे तो म्हणतो, त्याची बायको तीनावर म्हणते.

आजोबांची खाट आता सकाळी अंगणात उन्हाला असते. दुपारी त्यांना फार झोपू देत नाहीत, नातू शाळेतून आला की शेंगा सोलायला बसवितो. सायंकाळी दिवेलागणीला घरात मोठा दिवा लावतात, कारण अंधूक उजेडातच त्यांची घालमेल सुरू होते. तरीही आठवड्यातून दोन-तीन रात्री ते उठतात. पूर्वी सून समजावत असे, बाबा तुम्ही रिटायर झालात, इथे फाटक नाही. त्यावर ते चिडत. आता ती म्हणते, "बाबा, गाडी गेली, फाटक उघडलं म्या." मग ते थोडा वेळ कानोसा घेतात आणि परत आडवे होतात.